निळ्या गाडीचा लाल दिवा

तोई, निउए बेट
४ मे १९८६

चि. इकितुले यास,
अ. उ. आ.

तुझ्या सिनाने पाठवलेलं पांढरं कापड पोचलं. त्याचा झगा शिवून रविवारी चर्चला घालून गेले, तर पास्टरीणबाईंचं प्रार्थनेपेक्षा माझ्या बाह्यांकडेच जास्त लक्ष. सिनाला म्हणावं, तुझ्या पसंतीने आमच्या गावात भांडणं लागणार.

यंदा टारोचे कंद चांगले आलेत, पण खायला माणसं कुठली? समोरच्या लुपोच्या घरालाही कुलूप लागलं, तेही तिकडे ऑकलंडला गेले. जाताना कोंबड्या आमच्या अंगणात सोडून गेले. आता त्या माझ्याशी लुपोच्या बायकोसारख्याच वागतात, सगळं खातात आणि वर ओरडतात.

आता मुद्द्याचं. तू बोटीने पाठवलेली निळी गाडी सकाळी सुरूच होत नाही. किल्ली फिरवली की नुसतं टक वाजतं आणि गप्प. परवा पास्टरांनी आपली ट्रक शेजारी आणून दोन्ही बॅटऱ्यांना वायरी जोडल्या, तेव्हा चालू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एरवी मी तुला त्रास दिला नसता, पण तुझ्या दाजींच्या पायाला जखम झाली आहे. प्रवाळाच्या खडकावर खरचटलं एवढंच, पण यांची साखर तुला माहीत आहे. नर्स फिफिता म्हणते, एक दिवसाआड अलोफीच्या दवाखान्यात येऊन पट्टी बदललीच पाहिजे. चालत तर जाता येत नाही, आणि रोज कुणाच्या दारात उभं राहायचं? तू गाड्यांच्या विजेचं काम करतोस, तेव्हा इथे न येताही तुला कळेल असं मला उगाच वाटतं. हे म्हणतात, लांबून नाडी बघणारा वैद्य झालाय का तुझा भाऊ.

मुलांना पापे. लोभ आहेच, पण उत्तरही लवकर असू दे.

तुझी,
लिगीताई

---

मांगेरे, ऑकलंड
१५ मे १९८६

ती. ताईस,
स. न. वि. वि.

दाजींना म्हणावं, नाडी लांबूनच बघतो, पण फी जवळून घेतो. पुढच्या विमानाने भाजलेला नारळखेकडा आला पाहिजे.

नुसतं टक वाजतं म्हणजे बॅटरीत जोर नाही. पण बॅटरी स्वतःच मेली आहे की तिला कुणी खायला घालत नाही, हे आधी ठरवायला हवं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर नावाचं यंत्र बॅटरी भरत असतं. तू असं कर. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी भुकटी जमली असेल, आपल्याकडची खारी हवा आहे. ती गरम पाण्याने धुऊन, घासून पुन्हा घट्ट आवळ. मग इंजिनासमोरचा रबरी पट्टा अंगठ्याने दाबून बघ. फार सैल असेल किंवा चकचकीत झाला असेल तर तो घसरतो आणि अल्टरनेटर फिरत नाही. नवा पट्टा सोबत पाठवतोय. मग बॅटरी अलोफीच्या वर्कशॉपमधून भरून आण. त्यानंतरही दोन-चार दिवसांत गाडी बसली, तर बॅटरीला दोष देऊ नकोस.

दाजींच्या पायाची हयगय नको. इथे आमच्या गॅरेजमध्ये एकाने अशीच जखम अंगावर काढली होती. काय झालं ते लिहीत नाही.

इथे थंडी पडली आहे. सिना तुला रोज बोलावते. मी बोलावणं सोडलंय, तू काही येत नाहीस.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझा,
इकितुले

---

तोई
१ जून १९८६

चि. इकितुले,
अ. उ. आ.

टोकं घासली. पट्टा बदलला. तो पास्टरांनी आणि मी मिळून बसवला, आणि हे व्हरांड्यात खुर्चीवर बसून आम्हाला सूचना देत होते. त्यातली एकही उपयोगाची नव्हती. बॅटरी भरून आणल्यावर गाडी अशी धडाडली की लुपोच्या कोंबड्या झाडावर चढल्या. दोनदा दवाखान्यात जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला पुन्हा टक.

वर्कशॉपचा माणूस मासे घ्यायला इकडे आला होता, त्याला बोलावलं. त्याने वायर जोडून गाडी सुरू केली आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावलं. म्हणाला, काटा चौदाच्या आसपास जायला हवा, तो बाराच्याही खालीच आहे, म्हणजे आत काही येतच नाहीये. अल्टरनेटर गेला असेल, नवा मागवा, असं सांगून तो मासे घेऊन गेला.

पायाचं बरं नाही. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलंय. फिफिता स्कूटरवरून आली आणि माझ्यावरच खेकसली, की अशा जखमेला पट्टी चुकवून कसं चालेल. मी गाडीकडे बोट दाखवलं. तिने टायरला एक लाथ घातली. यांना त्याचं हसू आलं. हल्ली फार खुशीत असतात. म्हणतात, गाडी म्हातारी झाली, आपण म्हातारे झालो, कुणी कुणाला ढकलायचं!

मला मात्र जेवण जात नाही. त्या खोलीत शिरलं की वास येतो.

तुझी,
लिगीताई

---

मांगेरे
१२ जून १९८६

ती. ताई,
स. न. वि. वि.

अल्टरनेटर एवढ्यात बाद ठरवू नकोस. आधी एक बघ. इंजिन सुरू न करता किल्ली अर्धी फिरव. समोरच्या काट्यांच्या पाटीवर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागायला हवा. इंजिन सुरू झालं की तो विझतो. मुळात लागतच नसेल, तर त्याचा बल्ब गेला असेल. एवढासा बल्ब, पण या जुन्या गाड्यांत त्याच्यातून जी वीज जाते ती अल्टरनेटरला जागं करते. बल्ब नाही तर तो नुसता फिरतो, भरत काहीच नाही. आणि दिवाच नसल्यामुळे बिघाड झालाय हेसुद्धा कळत नाही.

पाटीच्या मागे हात घालून त्या दिव्याची टोपी अर्धा वळसा फिरव, बल्ब हातात येईल. कापसात गुंडाळून दोन नवे पाठवतोय. दाजींनाच विचार ना! मागच्या वेळी मी आलो होतो तेव्हा हाच बल्ब उडाला होता, तो आम्ही दोघांनी बदलला होता. त्यांना सगळं माहीत आहे.

बोट काळं पडलंय म्हणतेस, त्याने मला झोप नाही. कुणाचीही गाडी घे, पास्टरांच्या पाया पड, पण त्यांना घेऊन जा.

तुझा,
इकितुले

---

तोई
२२ जून १९८६

चि. इकितुले,
अ. उ. आ.

किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. पाटीमागे हात घातला, टोपी मिळाली, फिरवून काढली. आत बल्ब नाही. उडालेला नाही की फुटलेला नाही, जागाच रिकामी आहे.

टोपी हातात घेऊन मी गाडीतून उतरले. व्हरांड्यातून हे बघत होते. मी वर आले, तर काही विचारायच्या आधीच यांनी रविवारच्या कोटाच्या खिशातून बल्ब काढून माझ्या हातावर ठेवला. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा नव्हता. दमले होते.

मी खूप बोलले. तुला लिहिता येणार नाही असं बोलले. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मोकाचा बाप असाच पाय घेऊन ऑकलंडला गेला, तो पेटीतून परत आला. लुपोचा भाऊ गेला, तो तिकडे कुणाच्या तरी फ्लॅटच्या खिडकीपाशी बसून असतो, त्याला कुणी विचारलं तर गावाचं नावही आठवत नाही म्हणे. दवाखान्यात जात राहिलो की एक दिवस डॉक्टर विमानाचं नाव काढणार, आणि तू मला विमानात घालणार. तुला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, म्हणून गाडीला नाही म्हणायला लावलं.

बल्ब माझ्याजवळ आहे. अजून लावलेला नाही. काय करू ते कळव. तू धाकटा आहेस, तरी तुलाच विचारते.

लिगी

---

मांगेरे
२९ जून १९८६

ताई,

नमस्कार वगैरे राहू दे. बल्ब आजच्या आज लाव. पाय गेला तरी माणूस राहतो. विमानतळावर मी असेन, सिना असेल, आमची पुढची खोली रिकामी करतो.

लुपोच्या भावाबद्दल दाजी म्हणतात ते खरं आहे. चर्चमधून येताना मी त्याच्याकडे डोकावतो. खोटं कशाला लिहू? पण आपल्या दाजींना मी तसं खिडकीपाशी बसू देणार नाही. गॅरेजमध्ये माझ्याशेजारी स्टूल टाकून देईन, बसू देत माझ्या चुका काढत.

मी हात जोडतो. बल्ब लाव.

इकितुले

---

तोई
१० ऑगस्ट १९८६

चि. इकितुले,
अनेक आशीर्वाद.

माझी तार पोचली असेल. तारेत मावलं नाही ते लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी बल्ब लावला. पास्टरांनी वायर जोडून इंजिन सुरू करून दिलं, दिवा लागून विझला, आणि दुसऱ्या सकाळी गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. तुझं निदान अगदी बरोबर होतं. यांना गाडीत बसवलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि लगेच परत झाकली. गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागेल, शुक्रवारच्या विमानाने ऑकलंडला पाठवतो, उशीर फार झालाय, तरी आशा सोडायला नको, असं म्हणाले. यांनी शांतपणे विचारलं, पाय तिकडे कापला तर तो पुरणार कुठे. डॉक्टर तरुण आहेत बिचारे, विमानाचे कागद भरू लागले.

शुक्रवारी मी पिशवी भरली. तुझ्यासाठी टारो बांधला. गाडी व्हरांड्याला लावली, इंजिन चालू ठेवलं आणि यांना आणायला वर गेले. कोट घालून, केस विंचरून बसले होते. मी हात पुढे केला. यांनी तो धरला, पण उठले नाहीत. ओढलं असतं तर आले असते रे, अंगात त्राण कुठे होतं? मला नाही म्हणणार नाहीत हे मलाही ठाऊक होतं. म्हणून मीच खाली उतरले आणि इंजिन बंद केलं.

दुपारी आपियामार्गे ऑकलंडला जाणारं ते विमान आमच्या घरावरून गेलं. यांनी मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं, मग जेवायला काय आहे म्हणून विचारलं. तुझ्यासाठी बांधलेला टारो सोडून शिजवला. पोटभर जेवले.

नंतरचे दिवस वाईट गेले. फिफिता जमेल तेव्हा येत होती, तिच्या सुईने वेदना थोड्या कमी व्हायच्या. शेवटी तापात होते, मला आईच्या नावाने हाक मारत होते. घरासमोर रस्त्याकडेला यांच्या वडिलांच्या थडग्याशेजारी जागा केली. माणसं मोजकीच होती, तरी यांची आवडती सगळी गाणी म्हटली.

तू ये म्हणतोस. इतक्यात नाही. का ते मलाही सांगता येत नाही.

एक मागणं आहे. त्या शुक्रवारी गाडी पुन्हा सुरू झाली नाही, असं मी पास्टरांना आणि फिफिताला सांगितलंय. दफनाच्या प्रार्थनेत पास्टर म्हणाले, एका जुन्या गाडीने दगा दिला नसता, तर आपला विलितामा वाचला असता. सगळ्यांनी त्या निळ्या गाडीकडे रागाने पाहिलं. मी मान खाली घातली. खरं काय ते इथे मला आणि तिथे तुला माहीत. ते आपल्या दोघांतच राहू दे.

रागावला असशील तर रागाचं पत्र पाठव, पण पाठव.

तुझी ताई,
लिगी