तानूची पहिली चूक

मु. गोरडवाडी, ता. माण, जि. सातारा
९ जानेवारी १९७५

तीर्थरूप दाजींच्या चरणी नानासोचा साष्टांग नमस्कार. थंडीत अक्काचा गुडघा फार छळत नसेल आणि तुमचा खोकला निवाला असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही आहोत. (‘ठीक आहोत’ लिहिणार होतो, पण शाई पाणी घालून वाढवलेली आहे, ती खोट्यात कशाला घालवा!)

गणपतीला आमच्याकडे आला होतात तेव्हा मोदक खाताखाता तुम्ही मला सांगितलंत, की ज्या पोराला वाचता येत नाही त्याला एकट्याला उभं करू नका, सगळ्यांबरोबर मोठ्यानं वाचू द्या, आवाजाला आवाजाचा टेकू लागतो. तुम्ही विश्रामबागेत मास्तर घडवणारे मास्तर, तुमचा शब्द मी कसा मोडणार? दुसऱ्याच दिवशी चौथीला सामूहिक वाचन सुरू केलं. आमची शाळा म्हणजे एक खोली, चार वर्ग आणि मी. चौथीत नऊ पोरं, त्यांतल्या चौघांना वाचता येत नव्हतं आणि त्या चौघांतही मागं तानू. धुळा आणि हरणाबाईची ही लेक अर्धं वर्ष मेंढरांमागं रानात असते आणि अर्धं वर्ष माझ्यापुढं. उभी केली की गप्प. ती गप्प उभी असेपर्यंत दुसरीची पोरं पाचापर्यंत पाढे म्हणून मोकळी व्हायची. पण नऊजण एका सुरात वाचू लागले आणि आठवड्यात तिचे ओठ हलले, पंधरवड्यात आवाज फुटला. गिरणीवाला कोंडीबा दारात येऊन म्हणाला, “मास्तर, भजन लय झ्याक बसवलंय. टाळ आणू का?” मी खूष झालो. (इथंच सावध व्हायला हवं होतं. कोयनानगरला होतो तेव्हा शाळेला नवं कपाट आलं म्हणून खूष झालो होतो, त्याच आठवड्यात भूकंप झाला.)

वाचनाला पुढं बसवली होती सुभेदार लालासाहेबांची विजयमाला. पोरगी घडाघडा वाचते, फक्त ‘र’ला ‘ल’ म्हणते. हे मला ठाऊक होतं; पण पोरं तिचं वाचन उचलतील, बोबडेपण कशाला उचलतील, असं वाटलं. महिन्याभरात अख्खी चौथी ‘लाजाच्या लथाला चाल घोडे’ वाचू लागली. हजेरीला ‘हजल’. एकदा मीच घरी ‘भाकली वाढ’ म्हणालो. बायकोला वाटलं मी तिच्या धाकट्या भावाची नक्कल करतोय; दोन दिवस अबोला.

दिवाळीनंतर तपासणीला साहेब आले. पोरांचं वाचन ऐकून मान डोलवली आणि म्हणाले, आता त्या कोपऱ्यातल्या मुलीला एकटीला वाचू दे. तानू उठली आणि न अडखळता वाचू लागली. साहेब जवळ गेले आणि त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक अलगद काढून घेतलं. तानू वाचतच राहिली. पान संपलं तेव्हा तिनं रिकाम्या हातानं पानसुद्धा उलटलं. वर्ग हसला, साहेब हसले. “मास्तर, तुम्ही पोपट पाळलेत!” शेरेबुकात लिहिलं: मुले वाचत नाहीत, पाठ म्हणतात, उच्चार सदोष, शिक्षकाने सुधारावे. दुसऱ्या दिवसापासून तानू शाळेत आली नाही.

दाजी, तुमच्यापासून काय लपवू? ती पाठ म्हणते हे मला तपासणीच्या महिनाभर आधीच कळलं होतं. तिचे डोळे पुस्तकावर नसायचे, विजयमालेच्या तोंडावर असायचे. कानाला गोड वाटत होतं म्हणून मी गप्प बसलो.

चार दिवसांनी वाड्यावर गेलो (वाडा म्हणजे मेंढरांचा, उगाच थोरामोठ्यांचा समजाल). तानू कोकराला पाजत होती, माझ्याकडं बघेना. हरणाबाई म्हणाली, “मास्तर, ती म्हंती, समद्यांसंगं असलं की आक्षरं जाग्यावर ऱ्हात्यात. येकटी उभारली की पळत्यात.” तेवढ्यात मेंढरं भरकटली आणि तानूनं ‘हुर्रर्रर्र’ करून अशी हाळी दिली, की माझ्यासकट सगळी जागच्या जागी थांबली. मी म्हणालो, “तानू, आमच्या विजूला हे शिकीव. तिचा ‘र’ तुझ्याबिगर सुधरायचा न्हाई.” पोरगी पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाली, “मी? तिला?”

मग मी नऊजणांचा घोळका मोडला. तिघंतिघं (तानू विजयमालेच्या तिघींत), मध्ये एक पुस्तक, शब्दाखाली बोट, आणि धडा रोज नवा, कुणी न ऐकलेला. वाचताना मी मध्येच हात वर केला की दोघांनी थांबायचं आणि तिसऱ्यानं पुढचा शब्द ओढायचा. मधल्या सुट्टीत तानू विजयमालेला मेंढरं हाकायला शिकवायची. (सुभेदारांनी बोलावून विचारलं, “मास्तर, आमची मुलगी परेडसारखी हुर्र हुर्र करत घरभर का फिरते?” मी म्हणालो, अभ्यासक्रमात आहे.) गेल्या सोमवारी मी हात वर केला, दोघी थांबल्या आणि तानू एकटीच पुढं गेली. सात शब्द. सावकाश, बोट दाबून. त्यात ‘विहीर’चं ‘विहार’ वाचलं. दाजी, ती चूक ऐकून माझे डोळे भरून आले. पाठ असतं तर चुकली असती का?

काल धुळानं वाडा हलवला. रान वाळलंय. मी म्हटलं, परीक्षेपुरती पोरगी ठेव. तो म्हणाला, “मास्तर, तिला ठिवून मेंढरं कोण वळवायचं? तुमी?” तिघींच्या घोळक्यात आता दोघीच आहेत. विजयमालेचा ‘र’ सुधारलाय, पण तानूशिवाय ती वाचायला तयार नाही.

अक्काला नमस्कार.
आपला,
नानासो

ता. क. धुळाची मेंढरं ऊस तुटलेल्या रानांत खतासाठी बसायला तुमच्याच बाजूला येताहेत; महिनाअखेरीस विश्रामबागेच्या पलीकडं असतील. मी तानूबरोबर एक पुस्तक दिलंय. तुम्ही आणि अक्का मिळून आठवड्यातून एकदा तिथं जाल का? एकट्यानं जाऊ नका, वाचायला तिघं लागतात. पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी.

आणखी एक. वर साहेबांचं हसणं आणि शेरा वाचून त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी तिला एकदाच एकटीला उभी केली. मी तीन वर्षं रोज करत होतो.