भिंतीकडची सहावी जागा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. निमित्त: पंधरा तारखेला वाचनालयात भाषण. विषय, 'ख्रिस्ती श्रद्धेमुळे माणूस परधर्माबद्दल असहिष्णू होतो का?' तीन धर्मांचे तीन वक्ते. आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे मी. पाळकसाहेबांनी आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं होतं म्हणे, पण त्याला कांजिण्या झाल्या. देवाची योजना.

उत्तर सोपं आहे. होत नाही. उदाहरण, मी स्वतः. पाणी खात्यात मीटर तपासणीच्या खोलीत आम्ही चौघे चार तऱ्हांचे, आणि मी सगळ्यांशी सारखाच वागतो. (म्हणजे कडक.) शिवाय सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा दुसऱ्या धर्माचा. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी एका शब्दाने बोललो नाही. पहिली चार वर्षं तर अजिबातच बोललो नाही.

संकल्प: रोज सहाला उठणे. रोज भाषणाचं एक पान. मेहुणे अंथरुणावर आहेत, रोज संध्याकाळी भेटायला जाणे.

४ नोव्हेंबर
उठलो ७.४०. अलार्म वाजला नसावा. बायको म्हणते वाजला, मीच उठून बंद केला.
भाषण: शीर्षक लिहिलं. खाली रेघ मारली.
मेहुण्यांकडे जमलं नाही. गुडघा.

५ नोव्हेंबर, बुधवार
धाकटी ऑफिसात आली. टेबलावर बारा मीटर लावलेले, पाणी सोडलेलं, त्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागलं. शेवटी मी नळ बंद केला.

डॉक्टरांनी मेहुण्यांचे दोन आठवडे सांगितलेत. तिला एकच गोष्ट हवी आहे. बाबांनी दफनभूमीत सहा जागांची रांग घेऊन ठेवली होती: बाबा, आई, मी, ही (म्हणजे बायको), धाकटी, आणि भिंतीकडची सहावी. ती सहावी मेहुण्यांना हवी. ते काचकाम करतात, वादळात चर्चच्या खिडक्या फुटल्या तेव्हा शिडीवर चढून सगळ्या त्यांनीच बसवल्या, हेही तिने सांगितलं. त्यांच्या भावाचीही हरकत नाही, जिथे ती तिथे तो, असं भाऊ म्हणाला.

मी समजावलं की मी तिचा भाऊ असलो तरी दफनभूमी समितीचा सचिवही आहे. अर्ज लागेल. तिने उभ्याउभ्याच लिहून दिला. अक्षर फार बिघडलंय तिचं.

काळजी नाही. मी आहे.

७ नोव्हेंबर
सुटलो. नियम क्रमांक चौदा: 'दफन फक्त मंडळीच्या सभासदांचेच होईल.' माझ्या हातात काही उरलंच नाही. धाकटीला कळवायचं होतं, पण अशा गोष्टी फोनवर सांगू नयेत. प्रत्यक्ष जावं म्हटलं तर बसला गर्दी.
भाषण: पहिलं वाक्य झालं. 'प्रेम हाच आमच्या श्रद्धेचा पाया आहे.' झकास.

९ नोव्हेंबर, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी नियमांची वही मागितली. ते म्हणाले, आधीच्या पाळकांच्या काळात तर दोन-तीन परधर्मीय जावई आणि एक सून इथे पुरली आहे, मग चौदावा नियम आला कधी? मी म्हटलं, फार जुना असेल. त्यांनी पान उघडलं. तारीख बावीस वर्षांपूर्वीची, धाकटीच्या लग्नाच्याच आठवड्यातली. अक्षर माझं.

मी म्हणालो, त्या काळी सगळ्यांचंच अक्षर असं असायचं.

पाळकसाहेब चष्मा पुसत राहिले. चांगला स्वच्छ झाला तरी पुसत होते. शेवटी म्हणाले, बुधवारी समिती बसवू आणि मत घेऊ.

मला तो नियम लिहिल्याचं खरंच आठवत नाही. म्हणजे, राग आलेला आठवतो.

१० नोव्हेंबर
शेवटी गेलो. मेहुणे अगदी चिपाड झालेत. खोलीला औषधांचा वास. खिडकीची काच मात्र इतकी लख्ख की मी ती उघडीच समजलो. धाकटी त्यांना चमच्याने पाणी पाजत होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. अर्जाचं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मेहुणेच म्हणाले, "कमिटीत भांडू नका माझ्यासाठी. मी कुठेही पडेन. हिला एकटीला झोप येत नाही, म्हणून म्हटलं." मग हसले आणि म्हणाले, घाबरू नका, तुमच्या माझ्यामध्ये दोघी आहेत.

मीही हसलो. निघताना म्हणालो, सगळं ठीक होईल. जिना उतरताना लक्षात आलं, हे मी कशाबद्दल बोललो ते कुणीच विचारलं नाही.

११ नोव्हेंबर. सकाळी ५.५०
सहाच्या आत उठलो. झोपच नव्हती.

ही रोजनिशी कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. मला लोकांची भीती वाटते हे खरं. बेकरीवाले आणि चष्म्याचे दुकानदार, दोघे समितीत आहेत, दोघे बोलतील. पण तेवढंच नाही. लहानपणापासून मला वाटत आलंय की जगाच्या त्या शेवटच्या दिवशी, मेलेल्यांना हाक येईल तेव्हा, आमची अख्खी रांग एकदम उठणार. बाबा, आई, मी, ही, धाकटी. आता समजा मेहुण्यांना हाक आलीच नाही, ते तसेच पडून राहिले, तर धाकटीही उठणार नाही. मी ओळखतो तिला. हट्टी आहे. नवऱ्याचा हात धरून पडून राहील, आणि आई मला विचारेल, धाकटी कुठे?

हे वाचनालयात सांगता येणार नाही.

बायकोने चहा इतका जोरात ठेवला की बशीत सांडला. म्हणाली, "त्या रांगेत मीही आहे. मला कुणी विचारलं?"

मी म्हटलं, समितीत बायकोचं मत घ्यायची तरतूद नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
समितीची बैठक. पाच जण. पाळकसाहेब बाजूने. बेकरीवाले विरुद्ध: आज एक आला तर उद्या रांग लागेल. चष्मेवाले विरुद्ध, कारण बेकरीवाले विरुद्ध.

राहिल्या नर्सबाई, वय ऐंशीच्या पुढे. त्यांची मला खात्री होती. आमच्या मंडळीत त्यांच्याइतकं कडवं कुणी नाही. आपल्याखेरीज बाकी सगळं जग नरकात जाणार हे त्या ओपीडीचा नंबर सांगावा तसं सांगतात. त्या म्हणाल्या, "नरकातून वाचणार नाही तो, हे माझं मत कायम आहे. पण उठवायचं कुणाला हे वरचा बघेल. निजवायचं कुठे एवढंच आपल्या हातात आहे. माझा होकार लिहा."

दोन विरुद्ध दोन. सगळे माझ्याकडे बघायला लागले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी डोकं शांत ठेवलं. म्हणालो, अर्जदार माझी बहीण आहे, तेव्हा न्याय म्हणून मी तटस्थ.

समसमान मतं पडली तर अर्ज फेटाळला जातो. (नियम नऊ. अक्षर पाहिलं नाही.)

मी विरोध केलेला नाही, हे इथे ठळक लिहून ठेवतो.

१३ नोव्हेंबर
धाकटीचा फोन, तीनदा. टेबलावर मीटर होते, पाण्याच्या आवाजात ऐकू आला नाही. म्हणजे पहिल्यांदा आला नाही.
निर्णय बायकोने कळवला. परत माझ्याशी बोललेली नाही.
भाषण: चार पानं. अचानक हात चालायला लागला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
वाचनालय. साठ-सत्तर माणसं. बाकी दोघे वक्ते कागद न बघता बोलले, त्यामुळे विस्कळीत वाटले. मी वाचलं. मेहुण्यांचं उदाहरण दिलं: बावीस वर्षं आमच्या टेबलावर जेवणारा, आमच्या चर्चच्या काचा बसवणारा परधर्मी माणूस, आणि आम्ही त्याला घरचाच मानतो. टाळ्या. मागे एका बाईंनी डोळे पुसले.

मग प्रश्नोत्तरं. पहिल्याच रांगेत नर्सबाई. काठी टेकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या घरच्या माणसाला जागा दिलीत का?"

मी भाषणाची पानं सारखी केली. मी म्हणालो, विषय समितीच्या विचाराधीन आहे.

त्या बसल्या. बसेपर्यंत माझ्याकडेच बघत होत्या. नंतर कुणीच काही विचारलं नाही, याचा अर्थ विषय नीट मांडला गेला असावा.

संकल्प: सोमवारी समिती पुन्हा बोलावणे. बाजूने मत देणे. नक्की.

१७ नोव्हेंबर, सोमवार
बेकरीवाल्यांना सोमवार सोयीचा नाही. गुरुवार ठरवला. मेहुण्यांना आज जरा बरं आहे, असं ऐकतो. वेळ आहे.

१८ नोव्हेंबर
मेहुणे सकाळी साडेनऊला गेले.
मला ऑफिसात साडेदहाला कळलं. कळवलं बायकोने. टेबलावरचे बाराच्या बारा मीटर मी पास केले. एकही नीट पाहिला नाही.

१९ नोव्हेंबर
त्यांच्या लोकांच्या दफनभूमीत पुरलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी मागे उभा होतो. कुणी हटकलं नाही. एका अनोळखी माणसाने सरकून मला सावलीत जागा दिली.

मेहुण्यांच्या भावाने सांगितलं की शेजारची जागा धाकटीसाठी ठेवली आहे. मी विचारलं, ती तर तुमच्या धर्माची नाही, तुमची समिती कशी तयार झाली? तो म्हणाला, विचारलं, दहा मिनिटांत हो म्हणाले.

त्यांच्याकडे नियम नसावेत.

धाकटीशी बोलायला पुढे झालो. तिच्याभोवती बायका होत्या. म्हटलं, नंतर निवांत बोलू.

२० नोव्हेंबर, गुरुवार
समितीची बैठक ठरल्याप्रमाणे झाली. विषय नसल्याने पाच मिनिटांत संपली. चौदावा नियम रद्द करावा असा ठराव मी मांडला. एकमताने मंजूर. बेकरीवालेसुद्धा हो म्हणाले, आता काय हरकत आहे म्हणाले.

नर्सबाई आल्या नव्हत्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११
टपालाने एक अर्ज आला. प्रति, माननीय सचिव, दफनभूमी समिती. रांगेतली पाचवी जागा माझ्या नावे आहे, ती मी सोडत आहे, तरी नोंद व्हावी. खाली सही, तारीख.

अर्ज नियमाला धरून आहे. कारण दिलेलं नाही, पण कारण द्यावं असं आपल्या नियमात कुठे म्हटलेलंही नाही. नाकारायला जागाच नाही. सगळे नियम मी दोनदा वाचले.

कुठे 'दादा' लिहिलंय का ते पाहिलं. कागद उलटून पाहिला. पाकीट फाडून आतून पाहिलं.

मंजूर.