रेडिओची खरखर गेली, म्हणजे निम्मं काम झालं

३ फेब्रुवारी, रविवार
महत्त्वाचा दिवस. सासऱ्यांचा जुना ट्रान्झिस्टर दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला. म्हणजे आला नाही, मी घेतला. सासरे तो कपाटातून काढून सवयीप्रमाणे साडूंच्या हातात देत होते. मी मध्येच हात घातला आणि म्हटलं, बाबा, हे काम माझं. सासूबाईंनी माझ्या बायकोकडे पाहिलं, बायकोने पंख्याकडे.

लग्नाला एकवीस वर्षं झाली. पंखा, नळ, मिक्सर, कपाटाचं कुलूप, सगळं सासरे साडूंना सांगतात. मला चहा आणि पेपर देतात. या माणसाने मला एकदा तरी एखादं काम सांगावं, एवढीच माझी इच्छा आहे. २४ तारखेला त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी रेडिओ वाजणार, असं जाहीर करूनच आलो.

४ फेब्रुवारी
निरीक्षण. आकार पत्त्यांच्या कॅटाएवढा. सायीच्या रंगाचं प्लॅस्टिक, सोनेरी जाळी, भोकाभोकांचं चामड्याचं कव्हर. सासरे तरुणपणी तो शर्टाच्या खिशात घालून ऑफिसला जायचे. एकदा खिशातून पडला आणि बिघडला, असं त्यांनीच सांगितलंय. नवी बॅटरी घातली. खरखर येते, आणि खरखरीच्या मागे फार लांबून कोणीतरी बातम्या देतंय. पेशंट जिवंत आहे.

बायको म्हणाली, एखादा व्हिडिओ तरी बघून घ्या. म्हटलं, ऑफिसात मशीन दुरुस्तीच्या प्रत्येक फायलीवर माझी सही असते. ती म्हणाली, म्हणूनच म्हणतेय.

६ फेब्रुवारी
मागचं झाकण उघडलं. बिघाड सापडला! आत पत्र्याच्या छोट्या चौकोनी डब्या आहेत आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक रंगीत स्क्रू. पिवळा, पांढरा, काळा. झाडून सगळे सैल! पडला तेव्हाच झाले असणार. इतक्या वर्षांत एकाच्याही लक्षात आलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

७ फेब्रुवारी
आवळले. गच्च. काळा ‘कट्’ म्हणाला, म्हणजे बसला जागेवर. पिवळा नुसताच गोल फिरतो, पण एखादा असतो तसा.

बॅटरी लावली. खरखर पूर्ण बंद! बातम्याही बंद झाल्या, पण मुख्य तक्रार खरखरीचीच होती. म्हणजे निम्मं काम झालं. साडूंना मुद्दाम फोन करून कळवलं. ते म्हणाले, त्या रंगीत स्क्रूंना मात्र हात लावू नका हं, ते आवळायचे नसतात, त्यांनी स्टेशन जुळवलेलं असतं. मी विषय बदलला. माणसाला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

१० फेब्रुवारी
सोल्डरिंग आयर्न आणलं. जेवणाच्या टेबलावर बसून सुरुवात. टेबलक्लॉथवर छोटासा डाग पडला. खरं तर भोक. फुलदाणी ठेवली की दिसत नाही. बायकोला दिसलं.

आतल्या काळ्या कांडीवर गुंडाळलेली एक तार तुटली. केसाहून बारीक होती. एवढ्याशा तारेने असं काय मोठं काम होत असणार?

१३ फेब्रुवारी
सगळं परत बसवलं. दोन भाग उरले. पूर्वीच्या कंपन्या सढळ हाताने जास्तीचे भाग घालत. तेवढाच रेडिओ हलका झाला, खिशाला बरा.

अजून वाजत नाही.

१५ फेब्रुवारी
स्क्रूड्रायव्हर घसरून स्पीकरच्या कागदात घुसला. लेकीने स्पीकर डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, बाबा, तुम्ही छान दिसताय यातून. कॉलेजात हेच शिकवतात वाटतं.

संकल्प : उद्यापासून चष्मा लावूनच काम.

१६ फेब्रुवारी
चष्मा सापडला नाही. काम बंद ठेवलं.

१९ फेब्रुवारी
सासऱ्यांचा फोन. रेडिओचं नावही काढलं नाही. तब्येत विचारली, हवापाणी विचारलं. फोन ठेवताना मात्र म्हणाले, जमत नसेल तर राहू द्या हो जावईबापू, मनाला लावून घेऊ नका.

ते ‘राहू द्या’ फार लागलं. ताटावर बसलो, पण जेवण जाईना. बायको म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही, भावजींकडे देऊन टाका. म्हटलं, त्यापेक्षा मी तो गिळीन.

२० फेब्रुवारी
सुचलं! लेकीचा बाथरूममधला जुना छोटा स्पीकर. त्यात रेडिओही लागतो. आतलं सगळं काढून ट्रान्झिस्टरमध्ये बसवायचं, बाहेरून वस्तू जशीच्या तशी. याला फसवणूक म्हणत नाहीत. डॉक्टर माणसाचा गुडघा बदलतात, तरी माणूस तोच राहतो ना?

लेकीशी तह झाला : तिला नवा स्पीकर, बदल्यात तोंडाला कुलूप.

२२ फेब्रुवारी
फिट्ट बसलं! मूळचं सामान बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. चाक फिरवलं की रेडिओ चालू, उलटं फिरवलं की बंद, अगदी पहिल्यासारखं. एकच बारीक गोष्ट. चालू करताच एक बाई इंग्रजीत ‘ब्लूटूथ मोड’ असं ओरडते. मग मागचं बटण दाबलं की गाणी लागतात. आत कापूस कोंबून पाहिला. बाई आता ओरडत नाही, दटावते.

योजना : जिन्यातच चालू करायचा, बाईचं बोलणं उरकून घ्यायचं, गाणं लावायचं आणि वाजतावाजताच सासऱ्यांच्या हातात द्यायचा. चूक व्हायला जागाच नाही.

२४ फेब्रुवारी, सकाळी
इस्त्रीचा शर्ट. आरशासमोर ‘काही विशेष नाही, थोडं आवळलं इतकंच’ हे वाक्य चार प्रकारे म्हणून पाहिलं. तिसरा प्रकार चांगला.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी
लिहायला बसलोय, कारण घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाहीये. म्हणजे बोलायला येतात आणि हसत परत जातात.

सुरुवात अपेक्षेपेक्षा चांगली झाली. रेडिओ वाजतावाजताच हातात दिला. सासऱ्यांचा चेहरा असा फुलला की मलाही भरून आलं. कानाला लावून ऐकला, सासूबाईंच्या कानाला लावला. साडू टाळ्या वाजवत होते आणि विचारत होते, काय होतं बिघडलेलं? मी तिसऱ्या प्रकाराने वाक्य म्हटलं.

आणि सासऱ्यांनी केक कापायचा म्हणून रेडिओ बंद केला. केक खाऊन झाल्यावर चालू केला. याचा विचार मी केलाच नव्हता.

बाई म्हणाली, ब्लूटूथ मोड. लगेच म्हणाली, कनेक्टेड. स्पीकर लेकीचा, त्याला तिचा फोन ओळखीचा. आतल्या खोलीत लेक मैत्रिणीचा फोनवर आलेला निरोप ऐकायला बसली होती. तो निरोप बाहेर सासऱ्यांच्या हातात वाजला : अगं, काय सांगतेस काय! बाबांनी खरंच तुझा स्पीकर फोडून आजोबांच्या रेडिओत कोंबला? आणि आजोबांना कळलं तर?

आजोबांना कळलं.

साडू खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. बायकोने पदराने तोंड झाकलं. मला वाटलं, संपलं. आता चहा आणि पेपरसुद्धा बंद.

सासरे उठले, मला गॅलरीत घेऊन गेले आणि दार लोटून घेतलं. हळूच विचारलं, मूळचं सामान कुठंय? म्हटलं, गाडीत, बिस्किटांच्या डब्यात. ते रंगीत स्क्रू आवळलेत? म्हटलं, थोडेसे. सैल वाटले म्हणून? म्हटलं, हो. तर हा माणूस कठड्याला धरून हसायला लागला. खोकला लागेपर्यंत हसला. म्हणाले, मला पण सैलच वाटले होते हो! पिवळा मीच मोडला. खिशातून पडला वगैरे सगळ्या थापा. आत बोलू नका.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, जावईबापू, तुम्ही अगदी माझ्यावर गेलात. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आलात आणि दाराची कडी सैल आहे म्हणून नीट करायला बसलात, तेव्हाच ओळखलं मी. कडी निखळली. म्हणून तर तुम्हाला कधी काही काम सांगत नाही.

‘अगदी माझ्यावर गेलात.’ सख्ख्या मुलालासुद्धा कोणी इतकं सहज म्हणत नाही. एकवीस वर्षं या माणसाचं माझ्यावर बारीक लक्ष होतं आणि मी उगाच मनात अढी धरून बसलो होतो. खरंच, फार बरं वाटलं.

बाहेर आल्यावर ठरलं की रेडिओ साडूंकडे द्यायचा. आणि सगळ्यांसमोर, माझं नाव घेऊन, सासऱ्यांनी साडूंकडे बोट दाखवत मला पहिलं काम सांगितलं : तेवढा तो डबा यांच्या गाडीत नेऊन ठेवा. झाकण उघडू नका.

ठेवला. झाकण उघडलं नाही.