डॉक्टरांचं प्रेशर कोण बघणार?

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (धाकट्याला सत्त्याऐंशी पूर्ण झाली, तेव्हा वाकलो असं समजून आशीर्वाद दे.) तुझे गुडघे काय म्हणतात? नवी कवळी तोंडात असते की कपाटात? आमच्याकडे सगळे माझ्या तब्येतीची काळजी करण्यात गुंतलेत, आणि खरी पंचाईत तीच आहे.

सूनबाईंनी फोनवर तुझे कान भरलेच असतील की मी ऊठसूट डॉक्टरांकडे पळतो. पळत नाही, पण जातो. आज कंबर, परवा कान, काहीच सुचलं नाही तर 'कसंतरी होतंय'. (याला कुठलीच तपासणी नसल्यामुळे ते फार उपयोगी पडतं.) आधी मी नुसता बोलायला जायचो. तुझी भावजय गेल्यापासून घरात सगळे माझी चौकशी करतात, पण चपला घालता घालता. डॉक्टर मात्र खुर्ची पुढे ओढतात, विचारतात, आणि मग गप्प बसून ऐकतात. त्या गप्प बसण्यासाठी मी कितीही कडू औषध प्यायला तयार असतो.

पण गेल्या हिवाळ्यात प्रकरण उलटं फिरलं. माझं प्रेशर बघताना त्यांचाच हात थरथरायला लागला, म्हणून मी पट्टा सोडून त्यांच्या दंडाला गुंडाळला. नळी त्यांच्याच कानात (मला कमी ऐकू येतं ना), फुगा माझ्या हातात. पारा माझ्या पाऱ्यापेक्षा कितीतरी वर. हा माणूस एकटा राहतो, स्वतःच्या मनानं गोळ्या घेतो, आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा म्हटलं की 'तो मला काय शिकवणार?' म्हणून उडवून लावतो. मुलीला कळलं तर ती दवाखाना बंद करून आपल्याकडे घेऊन जाईल, ही धास्ती. मला शपथ घातली. तेव्हापासून आधी ते मला तपासतात, मग मी त्यांना.

आता आमचे चिरंजीव. (साठी उलटली तरी घाबरट तो घाबरटच.) बाबा इतके जातात म्हणजे काहीतरी मोठं लपवतायत, असं डोक्यात घेऊन तो माझ्याबरोबर आत येऊन बसायला लागला. झालं! डॉक्टरांचं प्रेशर बघणं बंद. त्यांचा चेहरा लालबुंद, मी टेबलाखालून पायानं डिवचतोय, ते माझीच जीभ बघतायत. शेवटी काल चिरंजीवांना कोपऱ्यावरच्या दुकानात औषधाला पिटाळलं आणि घाईघाईनं पट्टा आवळला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आज माझ्या कानात सारखा आवाज येतोय. ठोके तुम्हीच ऐका." नळी कानात घातली, फुगा दाबत गेलो, पारा चढत गेला, आणि ठोके इतक्या वर ऐकू आले की मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून पुन्हा दाबला. तेवढ्यात चिरंजीव दारात. बाटली लहान आणू की मोठी, हे विचारायला आला होता!

ताई, त्याची काय चूक? कमी ऐकू येणारा बाप डॉक्टरला तपासतोय, आणि डॉक्टर बाही वर करून निमूट बसलेत. डॉक्टर चक्क म्हणाले, यांचा हट्ट होता. मीही मान डोलावली. चिरंजीवांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि रस्त्यात एवढंच म्हणाला, "बाबा, उद्यापासून इथे यायचं नाही." माझ्यासाठी दुसरा डॉक्टरही ठरवून टाकला. आज आमच्या डॉक्टरांना फोन केला तर 'उत्तम आहे' म्हणाले, पण ते दोन शब्द बोलायला त्यांना मध्ये थांबावं लागलं. मला फार भीती वाटते गं.

तुझा,
धाकटा

ता. क. भाची हृदयाची डॉक्टर झाली त्याचा घराण्याला अजून काडीचा उपयोग झालेला नाही. पत्र मिळाल्या मिळाल्या तिला इकडे पाठव. (फोनवर हे सगळं सांगितलं असतं तर घरात सगळ्यांनी ऐकलं असतं.) सहज मामाला भेटायला आले म्हणावं. मी तिला दवाखाना दाखवायला नेतो. पुढे तिनं डॉक्टरांची बाही वर करायची, ऐकले नाहीत तर दटावून. (शपथ घरच्यांना आणि त्यांच्या मुलीला न सांगण्याची होती. बहिणीचं नाव त्यात नव्हतं.)

आणखी एक. कालपासून माझ्या छातीत डावीकडे खरंच दुखतंय. भाचीला सांग, पण मला आधी तपासू नको म्हणावं. माझं दुखणं डॉक्टरांना कळलं, तर ते स्वतःचा पट्टा सोडून माझ्या दंडाला बांधतील.