मोजता येणारं उद्दिष्ट

इचलकरंजी

प्रिय भैरवी,

तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. रागावू नकोस बाई, बोलण्याची ताकदच नव्हती. माझ्या तिसरीच्या वर्गातली सुनैना शाळेत यायची बंद झाली आहे, आणि आता ती येणार नाही.

आठवतं, डी.एड.ला मी पाठाच्या उद्दिष्टात 'मुलांना कुटुंबाविषयी समजेल' असं लिहायचे आणि तू खोडायचीस? समजलं हे मोजणार कशानं गं, म्हणायचीस. पोरानं काय करून दाखवायचं ते लिही! म्हणून परिसर अभ्यासाच्या पाठाला मी लिहिलं, 'विद्यार्थी घरातील प्रत्येक व्यक्तीचे काम सांगतो.' तपासणीला साहेब मागच्या बाकावर बसले होते. सुनैना बिहारची, आल्यापासून तोंडातून शब्द न्हाय. त्या दिवशी मात्र पोरगी धडाधडा बोलली. बाबा माग चालवतो, आई सुताच्या कांड्या भरते, दीदी रात्रपाळीला जाते. मी हरखून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

दीदी म्हणजे आमच्याच शाळेतून सातवी झालेली पोर, चौदाचीही नाही. साहेबांनी वय विचारलं आणि कारखान्यावर चौकशी लावली. त्यांचं काही चुकलं नाही. पण चौकशी येण्याआधीच मालकाला कुणकुण लागली आणि त्या मेल्यानं सगळं कुटुंब कारखान्याच्या खोलीतून बाहेर काढलं. मी गेले तर दाराला कुलूप. शेजारची धोंडुबाई तोंडावर म्हणाली, बाई, तुमी पोरीला बोलतं केलंसा आन् घर उठवलंसा की. दीदी सुटली नाहीच, दुसऱ्या कुठल्या गावात मागासमोर उभी असेल. धाकटीनं मार खाल्ला असेल, खरं बोलली म्हणून. आता ती कुठल्याच वर्गात तोंड उघडायची नाही. जीव नुसता जळतोय गं.

आज तुझा निरोप वाचला म्हणून लिहायला बसले. साहेबांनी माझा पाठ उत्तम ठरवलाय, आणि तो नमुना म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना तुमच्या जिल्हा कार्यालयातून, तुझ्याच हातून जाणार आहे. भैरवी, हात जोडते, तो पाठवू नकोस. वरून आदेश आहे, तू पाठवशीलच, तेही कळतं मला. मग कुठल्या कुठल्या वर्गात अशीच एखादी पोर उभी राहील, आणि अगदी बरोबर उत्तर देईल.

तुझीच,
राजमती