विसराळू माणसासाठी पोलाद

३ मार्च, सकाळचे साडेनऊ, दुकानातून

प्रिय बारक्या,

तुला आणि तुझ्या घरच्यांना ताईचे भरभरून आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि ते गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतात, म्हणजे सगळं ठीक चाललंय.

तुझं पत्र मिळालं. अठरा वर्षांत पहिलं, आणि तेही चार ओळींचं! "खिशात ठेवायला घडीचा चाकू हवा. कलमं करायला, सुतळी कापायला, फळ खायला. पोलाद तू ठरव." काय रे, शब्द मोजून आणले होतेस का? पण आलं, हे काय थोडं झालं. मी ते तीनदा वाचलं.

पोलाद माझ्यावर सोडलंस ते बरं केलंस. हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर दहा नावं वाचून येतं आणि मलाच शहाणपण शिकवतं. परवा एक बँकवाले आले. त्यांना इतकं कडक पातं हवं होतं की वर्षभर धार लावायला नको. विचारलं, कापणार काय? म्हणाले, टपालाची पाकिटं. म्हटलं, साहेब, त्याला नख पुरतं की!

पोलाद निवडणं अवघड नाही, माणूस ओळखता आला पाहिजे. कडक ठेवलं तर धार टिकते, पण फरशीवर पडलं की टवका उडतो, आणि पुन्हा धार लावताना घाम फुटतो. नरम ठेवलं तर धार लवकर जाते, पण कपाच्या बुडावर चार हात मारले की परत येते. साधं कार्बनचं पोलाद केस चिरेल अशी धार घेतं. कलमाला त्याच्यासारखं दुसरं नाही. फक्त ओलं ठेवलंस की दुसऱ्या दिवशी गंज. स्टेनलेस तितकं धारदार होत नाही, पण बिचारं सगळं सोसतं.

तेव्हा तुला स्टेनलेस. डोळे झाकून. तू चाकू ओल्या मातीत टाकून जेवायला जाणार, चिकाने बरबटलेलं पातं तसंच मिटून खिशात घालणार. तू विसराळू, हे सगळ्या घराला ठाऊक आहे.

एवढं लिहिलं आणि उठून दोन चाकूंना धार लावून आले. पुढचं लिहायला धीर होत नव्हता. आता लिहिते.

सगळ्या घराला ते ठाऊक आहे, कारण मी सांगितलं.

बाबांचा स्वतःचा चाकू आठवतो ना? दुकान टाकलं तेव्हा घडवलेला, दुसऱ्या कुणाच्या हातात ते देत नसत तो. तू हट्ट करून आठवडाभरासाठी मागून घेतला होतास. त्याच्या आदल्या दुपारी मी त्याला चाकावर धार लावत होते, बाबांना चकित करायचं म्हणून. खिडकीत शेजारीण आली. आमच्या गप्पा रंगल्या आणि पातं पाण्यात बुडवायचं राहून गेलं. बघते तर टोकापासून बोटभर निळं! तापून पाणी उतरलं होतं पात्याचं, कडकपणा गेला, म्हणजे पोलादाचा जीवच गेला होता. मी पॉलिश पेपर घेतला, निळा रंग घासून काढला, पातं चकचकीत केलं आणि मूग गिळून बसले.

दोन दिवसांनी सुतळी कापताना तुझ्या हातात धार वळली, पत्र्यासारखी. बाबा तुझ्यावर किती ओरडले! तू म्हणालास, "मी काही नाही केलं," आणि माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "स्टोव्हजवळ विसरला असेल. विसराळूच आहे तो."

बाबा म्हणाले, "माझ्या पोलादाला पुन्हा हात लावायचा नाही." महिन्याभरात तू रोपवाटिकेत कामाला गेलास.

पुढे प्रत्येक लग्नाकार्यात तुझ्या विसराळूपणाचा हा स्टोव्हचा किस्सा मीच रंगवून सांगितला. लोक हसायचे. जितके हसायचे तितकं माझं खोटं पक्कं व्हायचं. लाज वाटते रे लिहिताना.

दुपारचे तीन

बाबांना सांगून आले.

ते एका चाकूच्या मुठीला तेल लावत होते. सगळं ऐकलं, आणि पहिला प्रश्न काय, तर "पातं नुसतं पिवळं पडलं होतं की पार निळं?"

"निळं."

"किती?"

मी बोट दाखवलं. त्यांनी तेलाची चिंधी खाली ठेवली. मग म्हणाले, "रस्त्यावरचं गिऱ्हाईक चाकू घेऊन आलं तरी मी आधी धार नखावर दाबून बघतो. त्या दिवशी नाही बघितलं. बघितलं असतं तर कळलं असतं, हे चाकावर जळलंय. मला फक्त ओरडायचं होतं." मला वाटलं होतं मला बोलतील. मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

मग बाबांनी विचारलं, "त्याला कुठलं पोलाद देतेयस?"

"स्टेनलेस."

"का?"

"तो विस..." मी म्हणाले, आणि जीभ अडकली.

बाबांनी वर बघितलं. "कधी काय विसरला तो? एक तरी गोष्ट सांग."

बारक्या, मला एकसुद्धा आठवली नाही. खरंच नाही. चाव्या मी हरवायचे, गॅस बाबा चालू ठेवायचे. तुझ्या नावावर फक्त तो एक स्टोव्ह, आणि तोही मी रचलेला.

"म्हातारा चुकला, असं लिही त्याला," ते म्हणाले. "असंच लिही, गोड करू नकोस." म्हणून जसंच्या तसं लिहिलंय. रविवारी आत्या येतेय. तिलाही सांगणार आहे, सगळ्यांसमोर. तिच्या तोंडून मग बाकीच्या घराला आपोआप कळेल, ती काळजी नको.

तू माफ करावंस असं फार वाटतं, पण चाकूच्या बदल्यात ते मागत नाही. चाकू तू मागितलास, तो तुला मिळणार.

स्टेनलेसचं पातं मी बाजूला ठेवलंय. तुझा चाकू कार्बनच्या पोलादाचा करतेय. त्याला रोज पुसावं लागतं. तू पुसशील.

तुझी,
विसराळू नसलेल्या भावाची
खोटं बोललेली ताई