फळीवरचा तांब्या

चिखली, २० ऑगस्ट १९५६

प्रिय नलू,

तुझं पत्र मागेच पोचलं. उत्तराला बसले की रागानं कागद फाडून टाकायचे. आज लिहितेच.

तुझा लेख मासिकात आला तेव्हा आबांनी तो माझ्याकडून साऱ्या आळीसमोर वाचून घेतला. हैती बेटावरच्या बायका हगवणीवर पेरूच्या पाल्याचा काढा देतात, आपल्या आज्याही तेच देतात, गरिबाचा वैद्य परसातच उभा आहे, असं किती गोड लिहिलंस! आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा, समुद्रापल्याडबी आपलंच औशीद!"

पुढं अक्काच्या गोदीला हगवण लागली. मी तळेगावला, शाळेवर. अक्कानं पाला उकळून चमच्यानं पाजला. आणि आमच्याकडची रीत म्हणून पाणी तोडलं. पाण्यानं पोट जास्त वाहतं म्हणतात. गोदी हात करायची, "आये, पानी दे की," आणि अक्का तांब्या उचलून फळीवर ठेवायची. दवाखान्याचं नाव निघालं तर आबाच म्हणाले, "छापून आलंय, आता डाक्तर कशाला?" पिंपरीत औषधांच्या कारखान्यावर विटा वाहणारा माझा बाप!

मी पोचले तेव्हा पोरीचे डोळे खोल गेले होते. दवाखान्यात सलाईनला शीर सापडली नाही. गोदी गेली.

पाला वाईट असं मी म्हणत नाही. पण तुला बाकीचं ठाऊक होतं, नलू. तुझ्या धाकट्या भावाला, बापूला हगवण लागली तेव्हा मी तुमच्याच घरी होते. तुझे डॉक्टर वडील त्याला मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत होते. पेरू तुमच्याही अंगणात होता. त्याचं पान कुणी तोडलं नाही. तुमच्या बापूला पाणी, आणि आमच्या गोदीला नुसतं पाल्याचं कौतुक?

आता तू लिहितेस, मावळातल्या बायकांची आणखी औषधं गोळा करून पाठव, दुसरा लेख हवाय. लेख नको. तू ये. शेजारच्या मंजुळाबाईंचा नातू सकाळपासून हगवणीनं निजून आहे. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "सोताची भाची ऱ्हायली न्हाई, आन् माज्या नातवाला पानी पाजतीस व्हय?" दार लावून घेतलं. आबाही त्यांच्याच बाजूनं. मी घरातली पोरगी. माझं कुठं छापलंय? तुझं छापलंय. पत्र तुमच्याकडं शहरात दूध घालणाऱ्या दूधवाल्याच्या हाती देतेय. मिळताच नीघ, आणि आळीसमोर तुझ्या तोंडानं सांग, पोराला पाणी द्या. तांब्या अजून फळीवरच आहे.

अजूनही तुझीच,
शेवंता